वरच्या जागेवरची चाळीस झाडं

जी गोष्ट पंचवीस वर्षांत कुणालाच सांगितली नाही, बायकोलाही नाही, ती आधी सांगून टाकतो. नाहीतर बाकीचं सगळं लिहून होईल आणि ती पुन्हा राहून जाईल, इतपत मी स्वतःला ओळखतो. मिशिगनच्या उत्तरेला, आमच्या ॲन आर्बरपासून गाडीने चार तासांवर, व्हाइट पाइनच्या झाडांचा एक प्रयोग उभा आहे. त्यातल्या चाळीस झाडांवर चुकीचे बिल्ले आहेत. ते मी लावले, समजून उमजून लावले. ज्यांचा तो प्रयोग होता त्या कुमुदमावशी गेल्या महिन्यात गेल्या, आणि शेवटपर्यंत त्या चाळीस झाडांचं कोडं सोडवत होत्या.

बातमी आली तेव्हा मी घरासमोर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो. रेवाचा फोन होता. रेवा म्हणजे मावशींची मुलगी, जन्मापासून इथलीच, आता सांता क्लाराला असते. आईच्या आजारपणात दोन महिने येऊन राहिली होती. मराठी सगळं समजतं, पण उत्तर नेहमी इंग्रजीत. त्या दिवशी मात्र म्हणाली, "नितीनकाका, आई गेली." मी "हो" म्हणालो. फोन ठेवला आणि काच पूर्ण साफ केली, मागचीसुद्धा, आरसेसुद्धा... मग लक्षात आलं की आता ऑफिसला जायचंच नाहीये.

या पुरवणीसाठी मावशींवर लिहा असं मला सांगण्यात आलं ते 'अमेरिकेतल्या जंगलात काम करणाऱ्या मराठी संशोधक' म्हणून. तसं लिहिता येईलही. मावशींचे वडील वनखात्यात रेंजर होते, त्यांचं लहानपण मेळघाटात आणि शाळा अमरावतीला झाली. लग्नानंतर इथे आल्या, पुन्हा शिकल्या, आणि पुढची सगळी वर्षं विद्यापीठात एकाच प्रश्नावर काम केलं: झाड लावायचं तर बी कुठलं आणायचं. पण त्यांना संशोधक वगैरे कुणी म्हटलं की त्या हात झटकायच्या. "मी बियाणेवाली आहे. अमरावतीला असते तर दुकान टाकलं असतं."

त्यांचा फ्रिज इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना माहीत होता. श्रीखंडाचे रिकामे डबे कोणीही टाकून द्यायचे नाहीत, धुऊन मावशींना द्यायचे, असा नियमच होता. त्यांत ओल्या वाळूत पाइनचं बी ठेवलेलं असायचं. या झाडाच्या बियांना दोन महिने थंडी आणि ओल मिळाली नाही तर ती रुजत नाहीत. हिवाळा येऊन गेला अशी त्यांची खात्री पटवावी लागते. विद्यापीठात त्यासाठी मोठं शीतगृह होतं, पण मावशींचा घरच्या फ्रिजवर जास्त विश्वास. एकदा जेवणाच्या पंगतीत कुणीतरी उत्साहाने डबा उघडून चमचा घातला आणि वाळू निघाली, तेव्हापासून प्रत्येक डब्यावर त्या मार्करने आधी 'श्रीखंड नाही' असं लिहायच्या. त्याखाली बी कुठलं, कुठल्या उतारावरचं, कुठल्या झाडाचं, कुणी गोळा केलं, कधी. "हे लिहिलेलं नसेल तर ते बी मला फुकट दिलं तरी नको," म्हणायच्या. "जिथून आलं ते माहीत नाही, तर ते जगलं काय नि मेलं काय, त्यातनं मला काय कळणार?"

मी नागपूरहून संख्याशास्त्र शिकायला आलो होतो. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला माझी अवस्था अशी होती की दोन विषयांत नापास, प्राध्यापक नजर चुकवायला लागलेले, आणि शिष्यवृत्ती बंद झाली की व्हिसाही संपणार. हे घरी सांगायची हिंमत नव्हती. गणपतीच्या वर्गणीच्या टेबलावर मावशी बसल्या होत्या. माझं आडनाव, गाव विचारलं आणि म्हणाल्या, "नागपूरचं काय! मग काऊन रे इतका बारीक? जेवतो की नाही?" त्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो. मुगाची खिचडी आणि जवसाची चटणी होती. चटणी तोंडात गेल्यावर मला एकदम रडू आलं. त्यांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं, आणि ताटात आणखी खिचडी वाढत विचारलं, "उन्हात उभं राहून आकडे लिहिता येतील का तुला?" अशी मला नोकरी लागली. आज हॉस्पिटलमध्ये आकड्यांचंच काम करतो, घर आहे, दोन मुलं आहेत. ते सगळं त्या खिचडीच्या ताटापासून सुरू होतं. उपकार हा शब्द मला कधी त्यांच्यासमोर उच्चारता आला नाही. उच्चारला असता तर हसल्या असत्या.

प्रयोग काय होता तो थोडक्यात सांगतो, म्हणजे मी काय केलं ते कळेल. पूर्वी जंगलखात्यांचा सरळ हिशोब होता की जिथे झाड लावायचं तिथल्याच आसपासचं बी घ्यायचं, कारण तिथल्या हवेत ते पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं असतं. पण आता ती हवाच बदलत चालली आहे. मावशींचं एक वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय, विद्यार्थ्यांना, शेतकऱ्यांना, विमानात शेजारी बसलेल्या माणसाला सांगताना: "या झाडाला म्हातारपण काढायचंय उद्याच्या हवेत, पण बालपण काढायचंय आजच्या थंडीत." म्हणजे थोडं दक्षिणेकडचं, उबेची सवय असलेलं बी आणावं, पण किती दक्षिणेकडचं? फार लांबचं आणलं तर ते पहिल्याच कडक थंडीत मरेल. तो 'किती' शोधायला त्यांनी तीन ठिकाणचं बी आणलं होतं. आमच्या बोलण्यात त्यांची नावं 'इथलं', 'जवळचं' आणि 'लांबचं' अशी पडली. लांबचं म्हणजे टेनेसीच्या डोंगरातलं. त्या सगळ्यांची रोपं विद्यापीठाच्या काचघरामागे कुंड्यांत वाढत होती, आणि पुढच्या वसंतात ती उत्तरेला, आम्ही जिला वरची जागा म्हणायचो तिथे, लावायची होती. प्रत्येक रोपाला पत्र्याचा छोटा बिल्ला. त्यावर ठिकाण आणि क्रमांक.

त्या सप्टेंबरात मावशींची आई अमरावतीला शेवटच्या आजारात होती. मावशी घाईघाईने गेल्या, जाताना काचघराची किल्ली माझ्या हातात दिली. "लांबची रोपं अजून कोवळी आहेत. इथल्या रोपांनी डोळे मिटलेत, ती झोपायला तयार आहेत. ही मात्र वेडी अजून वाढतायत, यांना वाटतंय अजून उन्हाळा आहे. गारठा पडणार असं कळलं की रात्री कापड टाकायचं. एवढंच काम आहे बघ तुझं." एवढंच काम होतं.

इथे गणपती पंचांगापेक्षा शाळेच्या हॉलच्या तारखेवर बसतो. त्या वर्षी हॉल सप्टेंबरच्या अखेरीस मिळाला, आणि मंडळाच्या एकांकिकेत मला पोस्टमनचं काम होतं. अकरा वाक्यं होती. त्या शुक्रवारी दुपारी रेडिओवर गारठ्याची सूचना ऐकल्याचं मला स्पष्ट आठवतं. तालमीला जाताना वाटेत थांबून कापड टाकू, असं मी ठरवलं होतं. मला न्यायला जो मित्र आला त्याला उशीर झाला होता, गाडीत चौघं होते, सगळे हसत होते, मीही पहिल्यांदाच इथे कुणात तरी मिसळून हसत होतो... आणि मी थांबा म्हणालो नाही.

सकाळी गेलो तेव्हा इथली आणि जवळची रोपं जशीच्या तशी उभी होती. लांबच्यांचे शेंडे पाण्यात शिजवल्यासारखे मऊ पडले होते. दोन आठवड्यांत साठातली चाळीस तपकिरी झाली. मी ती मोजली, पुन्हा मोजली. मग काचघराच्या कोपऱ्यात राखीव ठेवलेली 'इथली' रोपं होती, त्यांतली उंच उंच चाळीस निवडली, मेलेल्यांचे बिल्ले सोडवून त्यांना बांधले, आणि मेलेली रोपं कंपोस्टच्या ढिगात खोल पुरली. कुठले चाळीस क्रमांक ते मात्र लिहून ठेवले. का ठेवले ते आजही सांगता येत नाही. खिशात दुसरा कागद नव्हता, एकांकिकेतल्या माझ्या संवादांचं पान होतं, त्याच्या मागे लिहिले. ते पान माझ्या पहिल्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये अजून आहे.

मावशी परतल्या त्या आईचे दिवस करून. विमानतळावर न्यायला मीच गेलो होतो. डोळे सुजलेले, साडीवर कसलंतरी जुनं स्वेटर. गाडीत बसल्यावर पहिला प्रश्न विचारला, "रोपं कशी आहेत रे?"

"ठीक आहेत, मावशी."

पर्समधून त्यांनी एक पुडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. सांडगे होते. आईने जाण्याआधी उन्हाळ्यात घातलेले, शेवटचे. "तुझ्यासाठी निम्मे आणलेत," म्हणाल्या.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. रागावल्या असत्या, कदाचित किल्ली काढून घेतली असती, पण प्रयोगात त्या चाळीसांच्या जागी शून्य लिहिलं गेलं असतं आणि गोष्ट तिथे संपली असती. मी स्वतःला समजावलं की आत्ताच आई गेलीये यांची, आत्ता नको. मग सेमिस्टर संपू दे. मग व्हिसाचं होऊ दे. मग लग्न झालं, मेघा आली, तिचं बाळंतपण मावशींनी स्वतःच्या घरी केलं, डिंकाचे लाडू, धुरी, सगळं... आणि मग ते सांगण्याच्या पलीकडे गेलं. ज्या माणसाचं आपण इतकं घेतलंय त्याला, आपण तेव्हापासूनच खोटे होतो, हे कसं सांगायचं, ते मला समजलं नाही.

मे महिन्यात आम्ही दोघांनी ती रोपं वरच्या जागेवर हाताने लावली. मावशी गुडघ्यांवर बसून प्रत्येकाभोवतीची माती थापटायच्या आणि बिल्ला मोठ्याने वाचायच्या: "लांबचं, सतरा." मी वहीत लिहायचो: लांबचं, सतरा. चाळीस वेळा मी ते ऐकलं आणि चाळीस वेळा लिहिलं. पुढे दरवर्षी मोजणीला जायचो. त्यांची एक पद्धत होती, ती त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. शेतात शिरल्यावर आधी मेलेली झाडं नोंदवायची, जिवंत नंतर. "जिवंत झाड कुठे पळतंय? मेलेलं विसरलं जातं. गवत वाढतं, जागा भरून येते, आणि माणसाला वाटतं तिथे काही नव्हतंच." हे त्या मला सांगायच्या. मलाच.

पाच-सहा वर्षांतच त्यांना काहीतरी खटकायला लागलं होतं. लांबच्या साठ झाडांत वीस होती ती उंच, सडसडीत, पण शेंडे करपलेली, काही मेलेली. आणि चाळीस होती ती थोडी बुटकी पण धट्टीकट्टी. "एका ठिकाणच्या बियांची पोरं अशी दोन स्वभावांची कशी?" मावशी कंबरेवर हात ठेवून त्या रांगेत उभ्या राहायच्या. त्यांनी बिल्ले तपासले, वही तपासली. माझ्यावर संशय घ्यायचा विचार त्यांच्या मनाला शिवला असेल का? तो शिवला होता आणि त्या गप्प राहिल्या, असं मानायला मला आवडेल. पण ते माझ्या सोयीचं आहे, म्हणून मी तसं मानत नाही. त्यांनी स्वतःचंच उत्तर काढलं. टेनेसीतलं ते बी गोळा करताना बहुधा डोंगराच्या वरच्या, गार उतारावरच्या एखाद्या झाडाचंही त्यात आलं असावं, आणि ही चाळीस त्या आईची लेकरं असावीत. "ती आई सापडली ना नितीन, तर माझं काम झालं. उबेतलं रक्त आणि थंडीची ताकद, दोन्ही एका बियात."

डेल आमच्या आयुष्यात आला तो त्यानंतर काही वर्षांनी. वरच्या जागेजवळच त्याची जमीन. बापाने बटाटे काढले, यानेही काढले, आणि साठी उलटल्यावर त्याने ठरवलं की उताराची सगळी जमीन पुन्हा पाइनखाली आणायची. मावशींकडे आला, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं की मी बी कुठलं लावू. मावशी सल्ला देण्यात घाई कधीच करत नसत. पण समोर दहा वर्षांचे आकडे होते आणि त्यांत लांबचं बी जगण्यात इथल्याच्या बरोबरीने उभं होतं, वाढीत थोडं पुढेच. तो तक्ता मी केला होता. त्यांनी मला विचारलं, "आकडे पक्के ना?" मी म्हणालो, "आकडे तेच सांगतायत." हे वाक्य खोटं नाही, हे मी तेव्हाही मनात तपासून घेतलं होतं. डेलने निम्मा उतार लांबच्या बियांचा लावला.

पाचव्या वर्षी सप्टेंबरात लवकर गारठा पडला आणि त्यामागे वाईट हिवाळा आला. डेलचा निम्मा उतार तपकिरी झाला. पुढच्या जूनमध्ये मावशी म्हणाल्या, मला त्याच्याकडे घेऊन चल. फोनवर सांगता येईल, मी सुचवलं. "माफी फोनवर मागतात का?" एवढंच म्हणाल्या. चार तास मी गाडी चालवली. मावशी तेव्हा सत्तरीच्या होत्या, नुकत्या निवृत्त झालेल्या. त्या उतारावर, मेलेल्या रोपांच्या मधे उभं राहून त्यांनी डेलला सांगितलं की माझा सल्ला चुकला, चूक माझी आहे, आकडे वाचण्यात मी कुठेतरी कमी पडले. मी त्यांच्यामागे दोन पावलांवर होतो, हातात लिंबाच्या लोणच्याची बाटली, जी त्या डेलच्या बायकोसाठी आणत असत.

डेलने टोपी मागे सारली. "डॉक, माझे बटाटे आयुष्यभर मेले. बटाट्यांच्या बियाण्याचा माणूस एकदाही माफी मागायला आला नाही. चला, कॉफी घ्या." मावशी हसल्या. आत गेलो, कॉफी झाली, त्याच्या बायकोने ॲपल पाय वाढला, लोणचं उघडून डेलने ते अंड्याबरोबर खाल्लं आणि उत्तम म्हणाला. निघताना मावशी आत होत्या तेव्हा तो गाडीपाशी माझ्याजवळ आला. "तिला सांगू नकोस," म्हणाला, "पण ही झाडं मी मोठी झालेली बघणार नव्हतोच. निदान माझ्या कमरेएवढी तरी बघायची होती. आता पुन्हा लावेन, पण पाच वर्षं मी कुठून आणू?" मी मान हलवली. मी डेलसमोरही मानच हलवली.

परतीच्या वाटेवर मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझं चुकलं कुठे, तेच सापडत नाहीये रे." मी वायपर चालू केले. पाऊस नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काचेकडे, आणि पर्समधून चिवड्याची पिशवी काढून माझ्यापुढे धरली.

तरीही मला या बाईबद्दल दुःखानेच लिहायचं नाहीये. ज्या उमेदीने मावशी त्या चुकीच्या शोधाला लागल्या ती मी जवळून पाहिली, आणि तिच्याइतकं सुंदर फार थोडं काही पाहिलंय. निवृत्तीनंतर त्या टेनेसीला दोनदा गेल्या. दुसऱ्यांदा, तीन वर्षांपूर्वी, गाडी माझी होती. काठी टेकत, धापा टाकत त्या वरच्या उतारावर चढल्या, जिथे त्यांच्या हिशोबाने ते आई-झाड असायला हवं होतं. प्रत्येक मोठ्या झाडाखाली थांबून वर बघायच्या, खारींनी पाडलेले बियांचे शंकू वेचायच्या, साल चाचपायच्या. मला म्हणाल्या, "तू नागपूरचा, मी अमरावतीची, आणि बघ कुठे कुणाची आई शोधतोय." मी म्हणालो, मावशी, आपणही तसेच, लांबचं बी इथे लावलेलं. त्यांनी काठी माझ्या बुटावर आपटली. "माणसांना झाडं म्हणू नकोस. झाडाला चुकीच्या जागी लावलं तर ते बिचारं तिथेच उभं राहतं. तुला काय, तिकीट काढून जाता येतं." मग एका खडकावर बसून दोघांनी पोळीची गुंडाळी खाल्ली. सगळीकडे पाइनचा वास होता. मावशी घामाने भिजल्या होत्या आणि आनंदात होत्या. मी त्या खडकावर बसून हिशोब करत होतो की आत्ता सांगितलं तर... आणि त्या म्हणाल्या, "शेवटची गुंडाळी तू घे, तुला चढायची सवय नाही."

शेवटची भेट जानेवारीत, त्यांच्या घरी. पलंग बैठकीत आणला होता, खिडकीशी. आवाज बारीक झाला होता, पण हुकूम तसेच. "फ्रिजमधली वाळू बघ, सुकली असेल तर पाणी शिंपड. रेवाला कळत नाही, ती फार ओतते." मी पाहिली, शिंपडली, येऊन बसलो. त्या दिवशी मी सांगायचं ठरवून गेलो होतो, गाडीत वाक्यं जुळवली होती. त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गरम होता, त्याचं मला आश्चर्य वाटलं.

"नितीन, वरच्या जागेचं कोडं माझं राहिलं. तू बघ आता. तुला आकडे कळतात."

"बघतो, मावशी."

त्या समाधानाने डोळे मिटून पडल्या. मला वाटलं, जो माणूस शांतपणे पडलाय त्याला मी आता माझं ओझं का द्यावं? हा विचार चांगुलपणाचा होता की भित्रेपणाचा, हे मी ठरवू शकलेलो नाही. पूर्वीचे सगळे विचार भित्रेपणाचे होते हे ठाऊक आहे, त्यामुळे यालाही मी फार मान देत नाही.

दिवस झाल्यावर रेवाने बोलावलं. "नितीनकाका, आय कान्ट टच द फ्रिज. प्लीज तुम्ही करा." तिने मला स्वयंपाकघरात एकट्याला सोडलं. वरच्या कप्प्यात मेतकूट, सुती फडक्यात बांधलेली कोथिंबीर काळी पडलेली, अर्धं लिंबू. खालचा सगळा कप्पा श्रीखंडाच्या डब्यांचा. बाकीचे रिकामे धुतलेले होते, एकच भरलेला. 'श्रीखंड नाही.' त्याखाली, कापऱ्या पण ठसठशीत अक्षरात: लांबचं, वरच्या उतारावरचं. आई सापडली नाही, शेजारणीचं घेतलं. गोळा: मी आणि नितीन. एप्रिल अखेरीस पेरणे.

गोळा: मी आणि नितीन. त्या आपल्या नियमाला जागल्या होत्या. बी कुठलं, कुणी आणलं, सगळं खरं खरं लिहिलं होतं. मी फ्रिजचं दार उघडं ठेवून तिथेच जमिनीवर बसलो. रेवा आली, दार बंद केलं आणि शेजारी बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "शी ऑलवेज सेड यू वेअर हर बेस्ट काउंटर." म्हणजे आईचा सगळ्यात चोख मोजणारा. तिला मी काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

तो डबा आता आमच्या फ्रिजमध्ये आहे, दह्याच्या शेजारी. दर चार दिवसांनी वाळू बघतो. कदाचित त्या वरच्या उतारावरचं बी खरंच मावशींना हवं होतं तसं निघेल, उबेचंही आणि थंडीचंही. तसं झालं तर माझ्या खोट्याच्या मागे धावत जाऊन त्यांनी एक खरी गोष्ट आणली असं होईल. पण ती त्यांची कमाई, त्यात माझा वाटा नाही. माझ्या नावावर आहे तो डेलचा तपकिरी झालेला निम्मा उतार.

हे लिहून झाल्यावर मेघाला वाचायला दिलं. चोवीस वर्षांचा संसार, आणि तिला हे छापण्यासाठी लिहिलेल्या कागदावरून कळलं. तिने शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं रागावेल, रागावण्यासारखं आहेच. तिने चष्मा काढला आणि विचारलं, "डेलला मराठी येतं का?"

नाही येत.

एवढं सगळं मोकळेपणाने लिहिलं ते अशा भाषेत, जी डेल वाचू शकत नाही आणि मावशींनंतर त्या जागेचं काम बघणारी तरुण बाईही वाचू शकत नाही. मेघाने ते एका प्रश्नात दाखवलं. म्हणून जे बाकी आहे ते इथे साधेपणाने लिहून ठेवतो. एप्रिलच्या शेवटी बी पेरून झालं की मला वरच्या जागेवर जायचं आहे, एकांकिकेच्या पानामागचे क्रमांक घेऊन, आणि चाळीस झाडांवरचे बिल्ले बदलायचे आहेत. लांबची जी चाळीस रोपं मेली ती मेलेली म्हणून वहीत लिहायची आहेत, आधी ती, मग जिवंत. रेवाला सांगायचं आहे. आणि डेल अजून आहे, ऐंशीच्या घरात, नवीन रोपं त्याच्या गुडघ्यापर्यंत आली आहेत असं त्याने नाताळच्या कार्डावर मावशींना कळवलं होतं. त्याच्या दारात उभं राहून, इंग्रजीत, त्याची पाच वर्षं माझ्यामुळे गेली हे मी अजून त्याला सांगितलेलं नाही.